मैदानाच्या मधोमध बसलेली हिराक्का

हिराक्का गेल्याचं तिच्या मुलीनं, वैशालीनं, मला फोनवर सांगितलं तेव्हा मी ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा कुठं मी गॅस बंद केला. आदल्याच आठवड्यात मी तिला दवाखान्यात भेटून आले होते. हाताला सलाइन, आवाज खोल गेलेला, पण नजर दारातून ये-जा करणाऱ्या नर्सवर. "ही पोरगी कशी चालती बघ," ती मला हळूच म्हणाली. "खांदे बघ तिचे. लहानपणी हिला कुणी खेळायलाच दिलं न्हाय वाटतं." मला हसू आलं, तिलाही आलं, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली... तेच शेवटचं.

हिराक्का माझी सख्खी बहीण नव्हे. आमची घरं एका भिंतीची, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी भागातल्या एका बाजारपेठेच्या गावात, वेशीच्या बाहेर. गावातली माणसं आमच्या वस्तीला महारवाडाच म्हणायची; आम्ही बौद्धवाडा म्हणायला शिकलो होतो. ती माझ्यापेक्षा एका वर्षानं मोठी, म्हणून अक्का; वर्ग मात्र आमचा एकच. गावातल्या हायस्कुलात आमच्या वस्तीतून गेलेली ती पहिली मुलगी आणि मी दुसरी. पहिली असणं काय असतं हे दुसरीलाच नीट कळतं. तिनं पायाखाली घालून मळवलेल्या वाटेनं मी गेले. आज हे लिहिते आहे, पोस्टातून निवृत्त होऊन पेन्शन खाते आहे, ते त्या वाटेमुळं.

त्या शाळेची गोष्ट आमच्या घरात जुनी होती. हिराचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, त्याच इमारतीत शिकले, पण बाहेरून. त्यांच्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या मुलांनी व्हरांड्यात बसायचं आणि खिडकीतून ऐकायचं अशी रीत होती. पाटी तपासायची तर गुरुजी लांबूनच वाकून बघत. दादा हे सांगताना कडवट व्हायचे नाहीत. उलट हसायचे. "पाढे मला सगळे येतात," म्हणायचे, "पण अपूर्णांक न्हाय येत. ते पावसाळ्यात शिकवले, आन् पावसाळ्यात खिडकी लावून घ्यायचे." पोरं हसायची, आम्हीही हसायचो. त्या हसण्यात काय होतं ते मोठं झाल्यावर कळलं.

आमच्या वेळी, म्हणजे सत्तरच्या दशकात, व्हरांडा सुटला होता. कायदा होता, भिंतीवर समतेचं सुवचन होतं, आणि मुख्याध्यापक दर पंधरा ऑगस्टला "आपल्या शाळेत भेदभाव नाही" असं ठणकावून सांगायचे. तरीही दाराजवळची शेवटची दोन बाकं आमची आहेत हे आम्हाला पहिल्याच दिवशी कुणी न सांगता कळलं होतं. प्रार्थनेच्या रांगेत आम्ही टोकाला. रांजणातलं पाणी शिपाई वरून ओतायचा, आम्ही ओंजळ धरायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं खोडायचं तरी काय, हेही कुणाला कळत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला गेलं. त्यानंतरच्या वर्षी अक्कलकोटकडच्या एक बाई आमच्या शाळेत खेळ शिकवायला आल्या. उंच, सावळ्या, कन्नड घरातल्या; आम्ही त्यांना हिरेमठबाई म्हणायचो. चिडल्या की त्या कन्नडमधून बोलायच्या, आणि खेळ सुरू झाला की त्यांना मराठी आठवतच नसे. "ओडु, ओडु!" म्हणजे पळ, पळ. त्यांना मुलींचा खो-खोचा संघ काढायचा होता. एक दिवस शाळा सुटल्यावर हिराची शेळी दावं तोडून मैदानात पळाली आणि हिरा तिच्या मागं. शेळी वाकडी वळली की हिराही वळायची, तेही पाय न घसरता. बाई व्हरांड्यात चहाचा कप हातात धरून बघत राहिल्या आणि शिपायाला म्हणाल्या, "हा पोरगी कुठल्या वर्गातला?" बाईंना समाजसुधारणा वगैरे काही करायची नव्हती. त्यांना पळणारी मुलगी हवी होती.

खो-खो ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाठलाग करणाऱ्या संघातल्या मुली मैदानाच्या मधोमध एका ओळीत, एकीआड एक उलट तोंड करून बसतात. एकजण पळणारीला पकडायला धावते. तिला मधली रेघ ओलांडता येत नाही, म्हणून ती बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून "खो" म्हणते, आणि मग ती मैत्रीण उठून धावते. हात आणि शब्द, दोन्ही पाहिजेत. नुसतं ओरडलं तर पंचांची शिट्टी वाजते... आता हिराला संघात घेतलं तेव्हा अडचण कुठं आली असेल ते सांगायला नको.

सरावात बाईंनी त्यातून मार्ग काढला होता. हिरानं फक्त पळायचं, ओळीत बसायचं नाही. पळणारीला तर तिच्याच संघातल्या मुली सरावापुरत्या पकडायच्या, आणि हिरा त्यांच्या हाती लागायचीच नाही. सगळ्यांचं भागत होतं. संघाची कप्तान प्रमिला, गावातल्या मोठ्या बागायतदाराची मुलगी, तिचे वडील शाळेच्या कमिटीवर. स्वभावानं वाईट नव्हती ती. घरात जे पाहिलं तेच करत होती.

तालुक्याच्या सामन्याला हिराच्या आईनं मलाही सोबत धाडलं. "पोरगी एकली नको," म्हणाली. तिथं सरावातली सोय चालेना. पळणाऱ्या त्याच मुलींनी पाठलागालाही बसायचं, हा नियम. हिरा ओळीत बसली, बरोबर मधल्या चौकोनात. आणि मी कडेला उभी राहून बघितलं ते असं, की प्रमिला धावत येते, हिराच्या पाठीशी पोचते आणि तशीच पुढं जाऊन पलीकडच्या मुलीला खो देते. दुसरी आली, तिनंही तेच केलं. सगळ्या ओळीत एक हिरा तेवढी दगडासारखी बसून. समोरचा संघ काही आंधळा नव्हता. त्यांना कारण माहीत नव्हतं, पण मधली मुलगी उठतच नाही हे त्यांनी हेरलं. त्यांच्या पळणाऱ्या हिराच्याच आसपास घुटमळू लागल्या. शेवटी प्रमिलानं नाइलाजानं लांबूनच "खो" म्हटलं. हिरा उठली, पंचांनी शिट्टी मारली. "हात लागला नाही." पुन्हा तेच, पुन्हा शिट्टी. पंच वैतागून म्हणाले, "पोरींनो, तुम्हाला खेळ शिकवलाय की नाही कुणी?" बाई खाली मान घालून उभ्या होत्या.

मध्यंतरात हिरा पाणी प्यायला गेली नाही. ती सरळ प्रमिलापुढं जाऊन उभी राहिली. रडली असती तर मला समजलं असतं, भांडली असती तरी समजलं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "प्रमिला, आता तू नुसतं वरडलीस तर मी उटनार न्हाय. हात लाव, मग उटती."

"मला न्हाय जमायचं," प्रमिला म्हणाली.

"मग हरू," हिरा म्हणाली आणि जाऊन बसली.

दुसऱ्या डावात समोरची मुलगी एकदा हिराच्या अगदी खांद्याजवळून वळली. प्रमिला वेगानं येत होती. तिच्या डोक्यात काही यायच्या आधीच तिचा हात हिराच्या पाठीवर पडला. "खो!" असा आवाज आला की कडेची माणसं दचकली. हिरा उठली आणि दोन ढांगांत ती मुलगी बाद! बाई "शाभास, तंगी!" म्हणून ओरडल्या; तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्यानंतर प्रमिला दोनदा तिच्यापाशी आली आणि दोन्ही वेळा तिनं हात लावला. सामना आम्ही हरलोच, पहिल्या डावाची तूट भरून निघाली नाही. पण परतीच्या एसटीत हिरा खिडकीशी बसून आपली पाठ सीटला टेकू देत नव्हती. मी विचारलं, लागलंय का? "न्हाय गं," म्हणाली, "लई जोरात मारली तिनं." आणि हसली.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. प्रमिलाच्या आजीनं तिला मागच्या दारी उभं करून न्हाऊ घातलं म्हणे. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार बराच वेळ लावलेलं होतं. नंतर सूचना निघाली की परीक्षा जवळ आल्यामुळं मुलींचा संघ बंद ठेवण्यात येत आहे. परीक्षा कितीतरी लांब होत्या. बाईंची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून कपाटात ठेवली आणि त्या आमच्याकडं बघेनाशा झाल्या.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत हिरा मैदानात गेली आणि मध्यरेघेवर, आपल्या चौकोनाच्या जागी, गुडघे मुडपून बसली. एकटीच. तोंड लिंबाच्या झाडाकडं, पाठ शाळेकडं. ऊन होतं. मुलं हसली, कुणी खडा मारला, ती हलली नाही. घंटा झाली तशी उठून, परकर झटकून वर्गात आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी घाबरून विचारलं, "अक्का, हे काय चालवलंयस?" तर म्हणाली, "खेळती मी. कुणी आलं तर डाव व्हईल."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला राहवेना. मी धावत गेले, तिच्या पाठीला हात लावला आणि "खो" म्हटलं. ती उठली, मी तिच्या जागी बसले. ती फेरी मारून आली, मला खो दिला, मी उठले. पाठलाग करायला समोर कुणीच नाही. दोघींचा तो खो-खो किती वेड्यासारखा दिसत असेल! पण मला त्या उन्हात जो आनंद झाला तसा पुढं फार थोड्या वेळा झाला.

वस्तीवर निरोप आला, पोरीला आवरा. निरोप घेऊन आलेल्या माणसाला दादांनी बसायला घोंगडं टाकलं. तो बसला नाही. दादा म्हणाले, "मालक, आमी व्हरांड्यात बसून शिकलो, कुणाला तरास दिला न्हाय. ही मैदानात बसती. मैदान शाळंचंच हाय, आन् ती शाळंतलीच हाय. आता तिला काय सांगू, तुमीच सांगा." तो माणूस आल्या पावली परत गेला. हिराच्या आईला मात्र चार रात्री झोप लागली नाही. दादांना उद्या कुणाच्या बांधावर काम मिळेल का, ही तिची काळजी खरी होती. काही दिवस नाहीच मिळालं. दादा शेजारच्या गावात विहिरीच्या कामाला जाऊ लागले. हिरानं एकदा विचारलं, "दादा, थांबू का?" त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "डाव संपला का?"

आमच्यात पहिली आली शमीम, पानाच्या दुकानवाल्यांची मुलगी. संघात ती राखीव होती, त्यामुळं तालुक्याला तिला खेळायलाच मिळालं नव्हतं. "मेरेकू भी खेलनेका है," म्हणाली आणि येऊन बसली. तिला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. मग आणखी दोघी आल्या. मैदान गजबजायला लागलं. आणि एके दिवशी प्रमिला आली. कडेला उभी राहिली. आम्ही सगळ्या थांबलो. ती हिराला म्हणाली, "आजी म्हणती, तुला शिवलं की आंघोळ करावी लागंल." मग तीच पुढं म्हणाली, "म्हटलं, खेळून आल्यावर तशीबी करावीच लागती की."

हिरानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रोज? एवढं पाणी हाय व्हय तुमच्यात?"

दुष्काळ नुकताच सरलेला. पाण्याचा थेंब न् थेंब सगळ्यांनी मोजून वापरलेला. आधी शमीम फिसकन हसली, मग प्रमिला, मग सगळ्याच. हसता हसता प्रमिला ओळीत बसली, आणि डाव सुरू झाला. थोड्या वेळानं मागून शिट्टी ऐकू आली. हिरेमठबाई पायऱ्या उतरून येत होत्या, डोळे पुसत, आणि कन्नडमधून आम्हाला शिव्या देत... आमच्या रेघा वाकड्या पडल्या होत्या म्हणून! मुख्याध्यापकांनी खिडकीतून सगळं पाहिलं असणार. त्यांनी परवानगी दिली नाही आणि बंदीही केली नाही. फक्त शिपायाच्या हाती निरोप धाडला, धूळ फार उडते, आधी पाणी शिंपडा. रांजणातलं पाणी मैदानावर शिंपडायला त्या दिवशी आम्ही सगळ्या गेलो, आणि तांब्या कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला ते शिपायालाही सांगता आलं नसतं.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. आमच्या वह्या फूटपट्टीनं सरकवणारे एक गुरुजी निवृत्त होईपर्यंत तसेच सरकवत राहिले. पण पुढच्या वर्षी प्रमिला तिचं दप्तर उचलून दाराजवळच्या बाकावर आली, कारण सामन्यांविषयी हिराशी बोलायचं तर तास चालू असतानाच बोलावं लागायचं. तिच्यामागं तिच्या मैत्रिणी आल्या. मग जागा कमी पडली, तसं आम्ही पुढं सरकलो. कुठल्या दिवशी ती दोन बाकं आमची राहिली नाहीत ते मला आठवत नाही. जिल्ह्याच्या सामन्यांना आम्ही सोलापूरला गेलो. त्या ओळीत तेव्हा मीही होते.

माझ्या आयुष्यातली तिची सगळ्यात मोठी देणगी मात्र वेगळी आहे. मी नववी झाले तेव्हा माझ्या वडिलांनी करकंबचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. मुलगा बरा होता, घर पाच माणसांचं, खाऊन-पिऊन सुखी होतं. मी रडत होते, पण बोलायची हिंमत नव्हती. हिराक्का आली, चुलीशी बसली, आईनं दिलेला गूळ खाल्ला आणि वडिलांना म्हणाली, "काका, हिला तुमी शाळंतनं काढलं तर मी खो कुणाला देऊ?"

वडील म्हणाले, "अगं, तुझा खेळ मोठा का हिचं लगीन मोठं?"

"लगीन मोठंच हाय की," ती म्हणाली. "मोठं हाय म्हणूनच मोठेपणी करा."

वडील आधी चिडले. मग त्यांना हसू फुटलं आणि हसल्यावर माणूस पुन्हा चिडू शकत नाही. करकंबला नकार गेला. मी मॅट्रिक झाले, पोस्टाची परीक्षा दिली. पुढं लग्नही केलं, माझ्या मनाजोगतं.

हिराक्कानं खेळाचं शिक्षण घेतलं आणि सोलापुरात शिक्षिका झाली. तिच्या शाळेत निम्म्या मुली विणकरांच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्यांच्यासाठी ती तोडकंमोडकं तेलुगू शिकली आणि ते अशा काही सुरात बोलायची की मुली हसून लोळायच्या. शिस्तीची कडक, जिभेची तिखट. तिनं आपल्या मुलींना त्या उन्हातल्या दिवसांविषयी कधी काही सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, का नाही सांगत? म्हणाली, "त्यांना खेळू दे की गं निवांत."

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, प्रमिला आली. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, नातवाचा हात धरून. तिचं लग्न वैरागला झालं, तिथंच ती असते. माझ्याशेजारी खुर्चीत बसली आणि फोटोकडं बघत म्हणाली, "माझ्या दोन्ही नातींना हिच्याकडंच धाडलं होतं मी, उन्हाळ्याच्या सुट्टीत. म्हणायची, तुझ्यापेक्षा बऱ्या पळतात." मग डोळ्याला पदर लावला. "मला कुणी असं तोंडावर बोलणारं उरलं न्हाय आता."

त्या दिवशी मी वैशालीकडंच मुक्काम केला. हिराक्काच्या खोलीच्या बाहेर एक छोटी गॅलरी आहे. कोपऱ्यात रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी, आणि सगळ्या फरशीवर, कुंड्यांवर, दोरीवर राहून गेलेल्या तिच्या रुमालावरसुद्धा त्या फक्कीचा पातळ थर. निवृत्तीनंतर रोज सकाळी घराजवळच्या पटांगणावर ती कॉलनीतल्या मुलींना खेळवायची. वैशालीनं झाडू हातात घेतला, जरा वेळ उभी राहिली आणि परत ठेवून दिला. "राहू दे," म्हणाली.

सकाळी दार वाजलं. पायऱ्यांवर सात-आठ मुली, केस घट्ट बांधलेले, पायात चप्पल नाही. पुढची जरा धीट होती. म्हणाली, "ताई, फक्की पाहिजे होती. आज रेघा मारायच्यात."

वैशाली गॅलरीतून पिशवी घेऊन आली. देता देता थांबली. बँकेत नोकरी करणारी ही मुलगी, आयुष्यभर अभ्यास आणि पुस्तकं; आईनं कितीदा बोलावलं तरी मैदानात गेली नाही. तिनं ओढणी कमरेला बांधली आणि पिशवी स्वतःच उचलली. मग एकदम ओशाळून म्हणाली, "पण मला नियम नाही गं येत..."

"आम्हाला येतात की," ती मुलगी म्हणाली. "आम्ही सांगतो. चला."